वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : जुनी वनस्पतिचित्रे

मागील अंकात राणीच्या बागेतील वृक्षांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्याच्यासोबत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील काही वनस्पतिचित्रे छापली होती. पत्रे आली ती झाडांपेक्षा या चित्रांबद्दलच अधिक. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून, शक्य तेथे वाचकांच्याच शब्दांत, येथे उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमच्या आजोबांनी चोर बाजारातून आणलेले एका वेलीचे रंगीत चित्र घरात आहे. खाली लॅटिन नाव आहे. चित्र खरोखर जुने आहे की कुठल्या तरी दिनदर्शिकेतून कापलेले आहे, हे घरच्या घरी ओळखता येईल का? (एक वाचिका, दादर)

उत्तर : बऱ्याच अंशी येईल. चित्र चौकटीतून बाहेर काढून खिडकीजवळच्या उजेडात ठेवा आणि घड्याळजी वापरतात तसल्या दहापट भिंगातून पाहा. फिक्या रंगाच्या जागी निळ्या, किरमिजी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसली, तर ते आधुनिक ऑफसेट छपाईचे पुनर्मुद्रण आहे आणि पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही. ठिपके नसतील तर रेषांकडे वळावे. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने ओढलेली रेषा बारीक सुरू होते, मध्ये जाड होते आणि शेवटी निमुळती होत संपते, कारण कारागिराच्या हाताचा दाब तसाच वाढत आणि कमी होत जातो. शिवाय खोबणीतील शाई दाबयंत्राखाली कागदावर चढत असल्यामुळे अशी रेषा तिरप्या उजेडात किंचित उठावदार दिसते. पत्र्याच्या कडांमुळे चित्राभोवती दबलेल्या चौकटीची खूणही पडते, पण बांधणीत किंवा चौकटीत बसवताना कागद छाटला गेला असेल तर ती नाहीशी झालेली असते. शिळाछाप, म्हणजे दगडावर रेखाटून छापलेल्या, चित्रात अशी खूण नसते, आणि छटेच्या जागी खडूने गिरवल्यासारखा दाणेदारपणा आढळतो.

रंग हाताने भरलेला आहे का, हे ओळखणे त्याहून सोपे. एखाद्या पानाचा हिरवा रंग रेषेबाहेर सांडलेला असतो, आणि ओला रंग जिथे साचून वाळला तिथे त्याची कड गडद झालेली असते. मात्र हाताने रंगवलेले म्हणजे अठराव्या शतकातले, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. विल्यम कर्टिस यांनी १७८७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या ‘बोटॅनिकल मॅगझीन’मधील चित्रे १९४८ पर्यंत हातानेच रंगवली जात होती. उष्ण कटिबंधातून इंग्लंडच्या काचगृहांत नेलेल्या असंख्य वनस्पती या नियतकालिकात प्रथमच चित्रित झाल्या, आणि त्याचे अंक उसवून सुट्टी चित्रे विकण्याचा धंदा जगभर चालत असल्यामुळे जुन्या बाजारात मिळणाऱ्या लहान आकाराच्या चित्रांपैकी पुष्कळशी त्यातलीच असतात. हा धंदा आम्हांला पसंत नाही. चित्रासोबतचा मजकूर एकदा वेगळा झाला की वनस्पती कोणी, कोठून आणली आणि ती केव्हा फुलली, ही माहिती कायमची तुटते.

शेवटी खालच्या कोपऱ्यांकडे पाहा. डावीकडे नावापुढे ‘डेल.’ असे संक्षिप्त लॅटिन अक्षर असेल तर ते चित्र काढणाऱ्याचे नाव होय, उजवीकडे ‘स्क.’ किंवा ‘स्कल्प.’ असेल तर ते कोरणाऱ्याचे. ही दोन नावे आणि वरच्या कोपऱ्यातील क्रमांक मिळाला, तर चित्र कोणत्या ग्रंथातले आहे हे शोधून काढणे बहुधा अवघड जात नाही.

प्रश्न : आमच्या वाडीत करांद्याच्या वेली दर पावसाळ्यात चढतात. एका जुन्या चित्रात मात्र वेल नेमकी उलट दिशेने वळलेली पाहिली. चित्रकाराचे लक्ष नव्हते असे समजायचे का? (एक वाचक, वसई)

उत्तर : चित्रकारावर ठपका ठेवण्यापूर्वी छपाईची रीत लक्षात घ्यावी. पत्र्यावर किंवा दगडावर जे कोरले अथवा रेखाटले जाते, ते कागदावर आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे उमटते. त्यामुळे मूळ चित्र जसेच्या तसे पत्र्यावर उतरवले तर छापील चित्रात डावे ते उजवे होते. चांगला कोरक आधीच चित्र उलटवून घेत असे, पण तेवढा वेळ आणि तेवढी आस्था सर्वांकडे नव्हती. आणि एका ग्रंथातील चित्रावरून दुसऱ्या ग्रंथासाठी नक्कल करताना तर ही उलटापालट सर्रास होत असे. पानाफुलांच्या बाबतीत बहुधा त्याने काही बिघडत नाही. वेलींच्या बाबतीत बिघडते, कारण कोणत्या दिशेने वळायचे हे त्या त्या जातीत ठरलेले असते. करांदा आणि कोनफळ ही एकाच प्रजातीतली भावंडे, पण करांद्याची वेल डावीकडे आणि कोनफळाची उजवीकडे वळत जाते, आणि वनस्पतिशास्त्राच्या ओळखतक्त्यांत या कंदवेलींचे गट पाडताना हाच फरक पहिल्यांदा विचारला जातो. म्हणजे कोरकाने न उलटवलेले चित्र नवख्या अभ्यासकाला भलत्याच गटात नेऊन सोडू शकते.

चित्र उलटे छापले गेले आहे का, हे ताडण्याची आणखी एक जागा फुलात असते. पांढरा चाफा आणि कण्हेर यांची फुले समोर धरून पाहा. दोन्हींच्या पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात, परंतु चाफ्यात त्या एका बाजूने चढतात आणि कण्हेरीत विरुद्ध बाजूने, आणि एकाच झाडाची कितीही फुले तपासली तरी ही दिशा बदलत नाही. असे फूल चित्रात उलट्या वळणाचे असेल तर सारे चित्रच उलटले आहे, असे समजायला हरकत नाही. जास्वंदीवर मात्र ही कसोटी लावू नये. तिच्या एकाच झाडावर दोन्ही वळणांची फुले येतात. आपण पाहिलेल्या चित्रासोबत वर्णनाचा मजकूर असेल, तर तोही वाचून पाहावा. मजकूर लिहिणाऱ्याच्या हातात बहुधा वनस्पतीच असे, आणि मजकूर व चित्र यांत विसंगती असेल तर आम्ही मजकुराच्या बाजूने कौल देऊ.

प्रश्न : ‘होर्तुस मलाबारिकुस’ या डच ग्रंथातील चित्रांवर नागरी अक्षरे कशी? आणि त्या ग्रंथाचा मुंबईशी काही संबंध आहे का? (दोन वाचक, गिरगाव आणि ठाणे)

उत्तर : ॲमस्टरडॅममध्ये १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत निघालेला हा लॅटिन ग्रंथ मलबारातील वनस्पतींचा आहे, आणि त्यात ताम्रपटांवरून छापलेली जवळपास आठशे चित्रे आहेत. त्याचा कर्ता हेंड्रिक व्हान ऱ्हीडे हा वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. तो डच कंपनीचा कोचीनमधील सत्ताधीश होता. वनस्पतींचे ज्ञान त्याला स्थानिकांकडून मिळाले. इट्टी अच्युतन या एळवा समाजातील वैद्यांनी सांगितलेली माहिती मलयाळममधून पोर्तुगीजमध्ये आणि तेथून लॅटिनमध्ये गेली. त्यांच्या बरोबरीने रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी वैद्य या कामात होते. या तिघांनी आपल्या सहभागाबद्दल लिहून दिलेले कोकणी भाषेतील आणि नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे, आणि त्यावर १६७५ हे साल आहे. नागरी अक्षरे इतक्या लवकर छापली गेल्याची उदाहरणे फारच थोडी असल्याने मुद्रणाच्या इतिहासातही त्या पानाला मान आहे. चित्रांवर वनस्पतीचे नाव रोमन, मलयाळम, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत येते. कोरणाऱ्या डच कारागिरांना यांतल्या तीन लिप्यांची ओळख असण्याचे काही कारण नव्हते. नागरी अक्षरे ओबडधोबड दिसली तर ती लिहून देणाऱ्या वैद्यांच्या माथी मारू नयेत.

चित्रांचे महत्त्व पुढे फार वाढले. कार्ल लिनियस भारतात कधीच आला नव्हता. आपल्याकडच्या अनेक वनस्पतींना त्याने जी शास्त्रीय नावे दिली, ती देताना त्याच्यासमोर ऱ्हीडेची चित्रे होती, आणि काही जातींच्या बाबतीत वाळवलेला नमुना उपलब्ध नसल्याने ते छापील चित्रच त्या नावाचा अधिकृत आधार मानले जाते. पावसाळा सरल्यावर मुंबईच्या रस्त्यांवर उग्र वासाने आपली दखल घ्यायला लावणारी सातवीण या ग्रंथात ‘पाला’ या नावाने आलेली आहे. के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून या बारा खंडांचे इंग्रजी आणि मलयाळम भाषांतर केले व ते केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले. मराठीत निदान निवडक चित्रे आणि त्या तीन वैद्यांचे निवेदन तरी सटीप यावे, असे आम्हांला फार वाटते.

मुंबईशी संबंध आहे, तो काहीसा चटका लावणारा. १६९१ च्या डिसेंबरात कोचीनहून सुरतेला जात असताना ऱ्हीडेचा मुंबईच्या किनाऱ्यापाशी जहाजावरच मृत्यू झाला, आणि सुरतेच्या डच कबरस्तानात त्याला पुरण्यात आले. शेवटचे खंड त्याला पाहता आले नाहीत. तसा मुंबईचा वनस्पतिग्रंथांशी संबंध त्याच्याही आधी शतकभर जातो. पोर्तुगीज अमलात हे बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, तो वैद्य गार्सिया द ओर्ता याने भारतीय औषधींवरील आपला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला. पण त्यात वनस्पतींची चित्रे नाहीत. त्याच विषयावर क्रिस्तोबाल अकोस्ता याने १५७८ मध्ये स्पेनमध्ये पुस्तक काढले तेव्हा त्यात लाकडी ठशांची चित्रे घातली.

प्रश्न : मागील अंकातील उर्वशीच्या चित्राखाली विष्णुप्रसाद हे नाव होते. हे कोण? जुन्या चित्रांखाली भारतीय चित्रकारांची नावे एरवी का दिसत नाहीत? (एक वाचिका, भायखळा)

उत्तर : राणीच्या बागेत आपण ज्या झाडाच्या लोंबत्या लाल फुलोऱ्यांखाली उभ्या राहिला असाल, ते उर्वशीचे झाड मूळचे ब्रह्मदेशातले. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक यांनी १८२७ मध्ये ते तेथील एका मठाच्या आवारात पाहिले आणि गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी ॲमहर्स्ट व त्यांची कन्या यांच्या सन्मानार्थ ‘ॲमहर्स्टिया नोबिलिस’ हे नाव दिले. वॉलिक यांच्या १८३० ते १८३२ या काळात लंडनमध्ये तीन खंडांत निघालेल्या भव्य ग्रंथाचा आरंभच या झाडाच्या चित्राने होतो. ते चित्र विष्णुप्रसाद यांचे. ते आणि गोराचांद हे कोलकात्याच्या उद्यानात वॉलिक यांच्याकडे काम करणारे चित्रकार होते. लंडनमध्ये मॅक्सिम गाउची याने त्यांची चित्रे दगडावर उतरवली आणि रंगाऱ्यांनी ती हाताने रंगवली.

विष्णुप्रसाद यांचे नाव छापले गेले, हे भाग्य म्हणायचे. त्यांच्या आधी त्याच उद्यानात विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक वनस्पतिचित्रे करून घेतली, आणि त्यांतील कामाचे श्रेय नावानिशी देता येईल अशी नोंद जवळजवळ नाही. दक्षिणेत रॉबर्ट वाइट यांच्यासाठी रंगय्या आणि गोविंदू या तेलुगू चित्रकारांनी वर्षानुवर्षे काम केले. वाइट यांनी १८३८ ते १८५३ या काळात दोन हजारांवर चित्रांचा संग्रह छापला, गोविंदूंचे ऋण मोकळेपणाने मानले आणि एका ऑर्किडच्या प्रजातीला ‘गोविंदूइया’ असे नावही दिले. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण मात्र अभिमान वाटावा असे नाही. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारचे वनस्पती उद्यान होते. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४० च्या दशकाच्या अखेरीस तेथील वनस्पतींची सुरेख चित्रे करवून घेतली. ती आज एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात जपलेली असून हेन्री नॉल्टी यांनी २००२ मध्ये ती अभ्यासपूर्ण ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. चित्रकाराचे नाव कोठेही लिहून ठेवलेले नाही.

याचे कारण पगारपत्रकाच्या व्यवस्थेत होते. चित्रकार हा उद्यानाचा नोकर, आणि माळ्याने लावलेल्या रोपावर जसे माळ्याचे नाव नसते तसे त्याच्या चित्रावर त्याचे नाव नको, अशी ती समजूत होती. काळाचा रिवाज म्हणून ती समजून घेता येते; पण ज्या ग्रंथांत उमरावांच्या पत्नींची नावे वनस्पतींना दिली जात होती, त्यांत वर्षभर त्या वनस्पतीसमोर बसलेल्या माणसाच्या नावाला एका ओळीची जागा नव्हती, हे आम्हांला समर्थनीय वाटत नाही.

या भारतीय चित्रांची रीतही निराळी आहे. पाश्चात्त्य शिक्षणाचे चित्रकार पानावर छायाप्रकाश खेळवून घनता दाखवतात. आपल्याकडच्या चित्रकारांची पार्श्वभूमी लघुचित्रांची किंवा कापडावरील नक्षीची असल्याने पान सपाट, कड नेमकी आणि शिरा न् शिरा मोजलेली, असा त्यांचा झोक असतो. अनेक साहेबांना ते ‘ताठ’ वाटे. वनस्पती ओळखायची असेल तर तो ताठपणा उपयोगीच पडतो.

प्रश्न : आता मोबाइलच्या कॅमेऱ्याने परागकणांपर्यंत पोहोचता येत असताना हाताने काढलेल्या चित्राची गरज उरली आहे का? (वनस्पतिशास्त्राचा एक विद्यार्थी, अंधेरी)

उत्तर : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला पळस डोळ्यांसमोर आणा. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो तेव्हा फांदीवर पान जवळजवळ नसते, आणि भरगच्च पानांच्या दिवसांत फूल नसते. कोणत्याही एका दिवशी काढलेले छायाचित्र या झाडाचे अर्धेच वर्णन करील. रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथाचा पहिला खंड १७९५ मध्ये निघू लागला. पळस त्यात आहे. अशा चित्रांत चित्रकार निरनिराळ्या महिन्यांतील आणि कधीकधी निरनिराळ्या झाडांवरील भाग एका कागदावर आणतो. फुलोऱ्याची फांदी, त्रिपर्णी पान, टोकाला एकच बी धरून असलेली चपटी शेंग, आणि खाली ध्वज, पंख व नौका अशा वेगळ्या काढलेल्या पाकळ्या, बहुधा मूळ आकारात. असे झाड निसर्गात कधीच दिसत नाही, तरी ते ओळख पटवण्यासाठी कोणत्याही एका झाडापेक्षा अधिक भरवशाचे असते. किडीने खाल्लेले पान वगळायचे, पण पानाच्या बुडाशी असलेली बारीक ग्रंथी वगळायची नाही, हा विवेक चित्रकाराला करावा लागतो. म्हणूनच नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध करताना आजही छायाचित्रांच्या जोडीने रेखाचित्र दिले जाते.

छायाचित्राचे बळ वेगळे आहे. ते कोणत्या दिवशी, कोणत्या जागी काय होते याचा पुरावा देते, आणि तो पुरावा चित्र देऊ शकत नाही. आपण दोन्ही करावे.

प्रश्न : कुलाब्याला समुद्रासमोर घर आहे. जुन्या चित्रावर पावसाळ्यात तपकिरी ठिपके येतात, आणि एका पांढऱ्या फुलाच्या पाकळ्या तर काळवंडल्या आहेत. काय करावे? (एक वाचक)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. तपकिरी ठिपके दमटपणामुळे, बुरशीमुळे आणि कागदातील अशुद्धींमुळे पडतात. पांढरा रंग काळवंडणे हे बहुधा शिसेयुक्त सफेद्याचे काम असते. हवेतील गंधकाच्या वायूंशी त्याचा संयोग होऊन काळे संयुग तयार होते. हिरव्या पानांखालचा कागद तपकिरी होऊन ठिसूळ झाला असेल, तर तो रंग तांब्याचा असण्याची शक्यता आहे. यांतले काहीही ओल्या कापसाने पुसायला जाऊ नका, कारण हाताने भरलेले रंग डिंकात कालवलेले असतात आणि पाणी लागताच निघून येतात. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते उलटवता येत नाही.

चित्र समुद्राकडील किंवा पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर लावू नये. चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीशी बोटभर अंतर ठेवावे. काच चित्राला टेकू नये म्हणून मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी असावी. दुकानदार नेहमीचा पुठ्ठा वापरून वर पांढरा कागद डकवतो, तेव्हा आधीच विचारून घ्यावे. सेलोटेपला हात लावू नये. जून ते सप्टेंबर चित्र उतरवून कोरड्या कपाटात सपाट ठेवता आले तर उत्तमच, मात्र अधूनमधून उघडून पाहावे, नाहीतर कसर आपले काम निवांत उरकते. काळवंडलेल्या पाकळ्यांसाठी कागदाचे जतन करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडेच जावे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलाजतनाचे केंद्र आहे, तेथे चौकशीचा आरंभ करता येईल.

प्रश्न : ही चित्रे विनामूल्य कोठे पाहता येतील, आणि स्वतः काढायला शिकायचे तर सुरुवात कशी करावी? (अनेक वाचक)

उत्तर : ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या संकेतस्थळावर कर्टिस यांच्या नियतकालिकाचे जुने खंड आणि वर उल्लेखिलेल्या ग्रंथांपैकी बरेचसे पानन्‌पान पाहता येतात. मुंबईचे आपले पुस्तक हवे असेल तर सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर ब्लॅटर आणि मिलार्ड यांचे भारतीय वृक्षांवरील पुस्तक शोधावे. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९३७ मध्ये काढले; त्यातील रंगीत चित्रांमधले बहुतेक वृक्ष आपल्याला शहरातच भेटतील.

सुरुवात कमळाने किंवा गुलाबाने करू नये. कण्हेरीची एक फांदी घ्यावी, ती पाण्यात उभी करावी आणि कंपासने मापे घेत मूळ आकारातच काढावी. पाने आठवडाभर टिकतात, फूल दुपारपर्यंत मान टाकते, म्हणून आधी फुलाचा रंग कागदाच्या कडेला जुळवून त्याची टीप लिहून ठेवावी आणि मगच पानांकडे वळावे. एक फूल उभे चिरून त्याचे आतील भाग शेजारी मांडायला विसरू नये. कण्हेरीचा चीक विषारी असतो, तेव्हा काम झाल्यावर हात आणि पाते दोन्ही साबणाने धुवावीत.